मित्राने बायकोला मारलेल्या थापेत माझं नाव आहे. आता काय करू?

चरईकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसता वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

ठाण्यात चरईत माझं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, दहा बाय चौदाचा गाळा. गेल्या शनिवारी दुपारी माझ्या मित्राची बायको मुलीचं गाण्याच्या परीक्षेचं सर्टिफिकेट फ्रेम करायला घेऊन आली. मित्र पाचवीपासूनचा. वडिलांना रात्री दोन वाजता अ‍ॅटॅक आला तेव्हा रिक्षा मिळेना म्हणून याने त्यांना स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेलं होतं. म्हणजे कसला मित्र ते समजा. नाव नको, 'म' म्हणतो.

वहिनींनी पट्टी निवडली, सागवानी रंगाची. मग दुकानभर नजर फिरवून म्हणाल्या, "दादा, नवीन मशीन कुठे ठेवलंत?"

मी तेव्हा दुसऱ्या एका ऑर्डरची काच कापत होतो. "कुठलं मशीन?" हे ओठांवर आलं होतं. पण त्यांनी ज्या खात्रीने विचारलं त्यावरून कळलं, इथे काहीतरी आहे. काच कापायचा हिरा अर्ध्या काचेवर थांबला. हिरा मध्येच थांबला की रेघ सरळ फुटत नाही, काच वाया जाते. तशी ती गेलीच.

"वर आहे, माळ्यावर," मी म्हणालो.
"अच्छा. चाललंय ना नीट?"
"हो हो, एकदम."

शंभर रुपये आगाऊ देऊन गेल्या.

संध्याकाळी म ला फोन केला. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग सगळं बाहेर आलं. दोघांच्या नावावरची एफडी मोडली, साडेचार लाख. शेअर बाजारात ऑप्शनमध्ये गेले. बायकोने विचारलं तेव्हा सांगितलं, चरईकरला फ्रेम कटिंगचं मशीन घ्यायला दिलेत, दिवाळीपर्यंत परत देतो म्हणालाय. वर मला म्हणतो, "तुझं नाव घेतलं की ती पुढे काही विचारत नाही रे."

आता त्याला एका पतसंस्थेतून दोन लाखांचं कर्ज काढायचंय, 'रिकव्हरी'साठी. आणि जामीनदार मी हवाय.

वहिनींना सांगू? गप्प बसू? सही करू? मित्र चुकला तर त्याला सोडायचं नाही, हे आम्ही लहानपणापासून मानत आलो. पण म्हणजे नक्की काय करायचं असतं?

खारी_बिस्कीट
माळ्यावर!! हसायला नको होतं, पण ट्रेनमध्ये मोठ्याने हसले. बाजूची बाई बघायला लागली.

शहाणा_उंट
उपाय सोपा आहे. साडेचार लाखांचं मशीन घ्या आणि माळ्यावर ठेवा. कुणीच खोटारडा ठरणार नाही. (हलके घ्या.)

पासबुक
सही करू नका. पहिलं वाक्य हेच लिहितो, कारण बाकीचं लोक वाचत नाहीत.

मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा कर्ज विभागात. जामीनदार म्हणजे चारित्र्याचा दाखला देणारा साक्षीदार, असा आपल्याकडे फार गोड गैरसमज आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८: करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. कर्ज देणाऱ्याने आधी कर्जदाराच्या मागे लागावं, तिथे नाही मिळालं तर मग तुमच्याकडे यावं, असंही नाही. थेट तुमच्या गाळ्यावर येता येतं. कर्ज थकलं की तुमच्या सिबिलवरही, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरही, डाग.

आमच्याच शाखेतल्या एका शिपायाने साडूसाठी सही केली होती. साडू गावी निघून गेला. याच्या पगारातून पाच वर्षं कपात झाली. दर महिन्याच्या एक तारखेला पगाराची स्लिप बघून तो काही बोलायचा नाही, चहा तेवढा दोनदा प्यायचा. शेवटी साडूच्या मुलीच्या लग्नात दोघं एका पंगतीला बसले, आणि जेवताना याने मीठ मागितलं तर साडूने पुढे केलं. एवढाच काय तो समेट.

तुमचा मित्र वाईट आहे असं म्हणत नाही. कागदाला मैत्री कळत नाही, एवढंच.

खारी_बिस्कीट
पासबुककाका, तुम्ही धागा काढा हो वेगळा. 'कर्ज विभागातल्या कथा'.

ऐरोली_नाका
ऑप्शनच्या नादात माझा चुलतभाऊ गेला म्हणून लिहितो. गेला म्हणजे आहे, पण घर गेलं. आकडे ठेवून देतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर होते, त्यातल्या ९३ टक्के लोकांनी पैसे घालवले. सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. त्यामुळे 'रिकव्हरी' हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. भाऊ तोटा झाला असं कधीच म्हणाला नाही. 'अडकलेत' म्हणायचा. जणू पैसे लिफ्टमध्ये आहेत.

पूर्वी निफ्टीची एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायचा दिवस, गुरुवारी असायची. काकूला वाटायचं पोरगा दत्ताचा उपास करतो, जेवत नाही. सप्टेंबर २०२५ पासून एक्स्पायरी मंगळवारी गेली, तर काकू म्हणाली, आता गणपतीचा धरलाय वाटतं.

शहाणा_उंट
काकूंना दंडवत.

जुई_नेरूळ
सगळे पैशांवर घसरलात. धागाकर्त्याचा प्रश्न पैशांचा नाही. वहिनींना सांगायचं की नाही, हा आहे.

माझं मत, सांगू नये. नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्याने पडलं की शेवटी दोघं एक होतात आणि तिसरा वाईट ठरतो. मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल तिला एकदा खरं सांगून बसले आहे. ते दोघं आता सुखात आहेत, दिवाळीत कंदील लावतानाचे फोटो टाकतात, आणि मला ब्लॉक केलंय.

रात्रपाळी
आमच्या गटाचं सांगतो. उपयोग होईल न होईल.

महापे एमआयडीसीत आम्ही पाच जण एका बॅचला लागलो. त्यातला एक प्यायचा. सुरुवातीला सगळेच प्यायचो, मग तो एकटा राहिला. पाम बीचवरून मोटरसायकल घेऊन रात्री एकला यायचा. एकदा पकडला गेला, दंड आम्ही वर्गणी काढून भरला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आम्ही त्या रात्री 'सुटला बिचारा' म्हणून जेवायला गेलो. सकाळी शिफ्टला नसला की सुपरवायझरला फोन मी करायचो. ताप आहे, सासरे वारले, पाणी भरलंय. सासरे दोनदा वारले त्याचे.

आम्हाला वाटायचं साथ देतोय. खरं म्हणजे आम्ही त्याच्या दारूचा ऑफिस स्टाफ झालो होतो.

मग आमच्यातल्या एकाने फोन करायला नकार दिला. खूप भांडणं झाली. त्या महिन्यात मित्राला मेमो मिळाला. त्याची आई रडत आली तेव्हा चौघांनी बसून ठरवलं, पैसे द्यायचे नाहीत, खोटं बोलायचं नाही, बाकी सगळं करायचं. आणि बाकी सगळं खूप असतं हो. पुण्याला मुक्तांगणमध्ये नेऊन सोडलं (१९८६ पासूनची व्यसनमुक्ती संस्था आहे, नाव ऐकलं असेल). परत आल्यावर एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) मीटिंगला तो आत आणि आम्ही बाहेर टपरीवर, आळीपाळीने. गाडीची चावी तीन महिने माझ्या फ्रिजवर होती, लोणच्याच्या बरणीमागे. आठव्या महिन्यात एकदा घसरला. परत पहिल्यापासून.

आता सहा वर्षं होतील. पण ज्याने पहिल्यांदा फोन करायला नकार दिला, त्याच्याशी तो आजही बोलत नाही. आम्हा तिघांना मिठ्या मारतो. हे मला अजून पचलेलं नाही.

खारी_बिस्कीट
रात्रपाळी, शेवटचा परिच्छेद वाचून गप्प झाले.

मुरबाडी
जरा उलटी बाजू. 'चूक' ठरवणारे आपण कोण? मी २०१४ ला वाशीची नोकरी सोडून मुरबाडला शेती करायला गेलो तेव्हा मित्रांनी अक्षरशः बैठक घेतली माझ्यावर. एकाने तर बायकोला फोन करून सांगितलं, याला डॉक्टरकडे न्या. आज तेच पावसाळ्यात सहकुटुंब येतात आणि जाताना भाजीच्या पिशव्या भरून नेतात. पैसेही देत नाहीत.

पासबुक
मुरबाडी, तुम्ही बायकोला सांगून गेलात ना?

मुरबाडी
ती माझ्याआधी तयार होती.

पासबुक
मग संपलं.

उंबरा
सहसा लिहीत नाही. जुईताईंचं वाचून लिहावंसं वाटलं.

मी यातली वहिनी आहे. म्हणजे तुमची नव्हे, दुसऱ्या कुणाची तरी. माझ्या नवऱ्याचे चार मित्र. दर रविवारी आमच्या कोपरीच्या घरी जमायचे, मी खिचडी-कढी करायचे, पापड भाजायचे. एकेक जण किती पापड खातो ते मला पाठ होतं. त्या चौघांना माहीत होतं की घराचे हप्ते सात महिने भरलेले नाहीत. मला कळलं ते बँकेचा माणूस दारात उभा राहिला तेव्हा. हातात कणीक होती.

नंतर एकाला विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? म्हणाला, "वहिनी, तुम्हाला त्रास नको म्हणून." सात महिने माझ्या ताटात जेवून.

नवऱ्याचा राग तीनेक वर्षांत गेला. त्याला निदान लाज वाटत होती. त्या चौघांवरचा नाही गेला, कारण ते चांगुलपणाने वागले असं त्यांना अजून वाटतं.

चरईकर, तुम्हाला एक विचारते. शनिवारच्या आधी तुम्हाला किती माहीत होतं?

चरईकर
उंबराताई, तुमचं वाचून हलायला झालं. ट्रेडिंग करतो हे माहीत होतं. आजकाल सगळेच करतात.

उंबरा
मी ते विचारलं नव्हतं.

शहाणा_उंट
(पॉपकॉर्न बाजूला ठेवला.)

कर्जतफास्ट
मैत्री म्हणजे कर्ण! दुर्योधन चुकतोय हे माहीत असून शेवटपर्यंत बाजू सोडली नाही. आजकालच्या मित्रांना काय कळणार.

जुई_नेरूळ
कर्जतफास्ट, बाजू सोडली नाही हे ठीक, पण त्याने दुर्योधनाला किती वेळा अडवलं? द्यूतसभेत कर्ण गप्पही नव्हता, द्रौपदीला नको ते बोलला. त्या सभेत कौरवांमधला विकर्ण उभा राहिला आणि म्हणाला, हे चुकतंय. दुर्योधनाचा सख्खा भाऊ. आणि तरी युद्धात कौरवांच्याच बाजूने लढला. चूक तोंडावर सांगितली आणि सोडूनही गेला नाही. पण विकर्णाचं नाव कुणी मुलाला ठेवत नाही.

कर्जतफास्ट
तो भीमाच्या हातून मेला ना? मग काय मिळालं त्याला?

जुई_नेरूळ
कर्णाला काय मिळालं?

पासबुक
महाभारत सुरू झालं की धागा अठरा दिवस चालतो. मूळ मुद्द्यावर या.

लोकल_नऊ_चार
मूळ मुद्द्यावर नाही, पण जवळचं. माझी मैत्रीण ऐरोलीला एका आयटी कंपनीत होती. तिथल्या लग्न झालेल्या माणसात गुंतली. मी पहिल्याच दिवशी सगळं सुनावलं. बरोबरच बोलले होते, आजही तेच बोलेन. तिने माझ्याशी बोलणं बंद केलं, दोन वर्षं.

मग एका संध्याकाळी ठाणे स्टेशनला दहा नंबरवर वाशीच्या गाडीची वाट बघत उभी होते, बाजूला येऊन उभी राहिली. काय झालं ते मी विचारलं नाही. डब्यात दोन ढोकळे उरले होते, ते दिले. 'मी सांगितलं होतं ना' हे वाक्य घणसोलीपर्यंत माझ्या घशात होतं. गिळलं. माझ्या आयुष्यात मी केलेली सर्वात अवघड गोष्ट तीच असेल, एमबीए धरून.

नंतर ती म्हणाली, तू बोललीस याचा राग नव्हता. तू बोलून झाल्यावर माझी वाट बघायला थांबली नाहीस, त्याचा होता.

मुरबाडी
ढोकळा घरचा की विकतचा? (अवांतर)

लोकल_नऊ_चार
राम मारुती रोडचा. घरी करायला वेळ कुणाला.

चिमणचारा
एक गंभीर प्रश्न, कुणीच विचारला नाही म्हणून. म स्वतः कसा आहे? झोपतोय का, खातोय का? बराच वेळ फोनवर पंख्याचा आवाज म्हणालात, ते मनात राहिलं. एवढं लपवून ठेवलेला माणूस उघडा पडायची वेळ आली की घाबरून काहीही करू शकतो. त्याच्याशी बोलताना हिशोबाच्या आधी हे विचारा, सरळ शब्दांत. जीव नकोसा होतो का, असं विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने येत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ठाण्यात तर आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेलं. जुगाराची लत ही दारूसारखीच लत असते. 'अक्कल नाही का' म्हणून ती जात नाही.

आणि चरईकर, तुम्ही त्याच्यासोबत जा. नुसता नंबर पाठवू नका. नंबर पाठवून आपण मोकळे होतो.

पासबुक
चिमणचारा, हे मी आधी लिहायला हवं होतं. कलमं आधी आठवली. सवय.

चरईकर
चार दिवस गप्प होतो. सगळे प्रतिसाद वाचले, काही बायकोला वाचून दाखवले.

उंबराताईंना उत्तर देतो. मला २०२१ पासून माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद असताना त्याने मला त्या टेलिग्राम चॅनलवर घेतलं. मी अकरा हजार कमावले आणि घाबरून बाहेर पडलो. त्या पैशांतून आम्ही दोघांनी मिसळ खाल्ली आणि मी त्याला 'गुरू' म्हणायला लागलो. तो हरायला लागला तेव्हा दोनदा मी पैसे दिले, एकदा चाळीस हजार, एकदा वीस. दोन्ही वेळा म्हणालो, वहिनींना सांगू नकोस, उगाच टेन्शन घेतील. ते वाक्य आधी मी शिकवलं त्याला.

तेव्हा 'मित्राच्या चुकीत साथ कशी द्यावी' हा प्रश्न मी विचारला खरा, पण साथ मी आधीच देऊन बसलो होतो.

उंबरा
लिहिलंत, बरं केलंत. माझ्या चौघांपैकी एकानेही एवढं म्हटलं नाही.

शहाणा_उंट
गंमत केली त्याबद्दल सॉरी, चरईकर. आता काय ठरवलंत?

चरईकर
काल रात्री त्याला तलावपाळीला बोलावलं. नेहमीची जागा, बोटिंगच्या बाजूचा कट्टा. चिमणचारांनी सांगितलं तसं आधी झोपेचं विचारलं. म्हणाला, तीन वाजता जाग येते, मग मोबाइलवर चार्ट बघतो, बाजार बंद असतानाही. जीवाचंही विचारलं. फार जड गेलं ते शब्द उच्चारणं, शेजारी भेळ खाणारी पोरं होती. म्हणाला, तसं नाही, पण कुठेतरी लांब निघून जावं असं वाटतं. म्हटलं, येऊरला जाऊ सकाळी, त्याहून लांब नको. थोडा हसला.

मग सांगितलं, जामीन राहणार नाही. पैसे देणार नाही. वहिनींनी परत विचारलं तर माळा म्हणणार नाही. रविवारपर्यंत तू सांग, मी बाजूला बसतो. रविवारनंतर मी सांगणार. आणि माझे साठ हजार कधी दिले, का लपवले, तेही सांगणार.

तो म्हणाला, "तू असा नव्हतास." उठून गेला. स्कूटर चालू झाली, पण बराच वेळ हललीच नाही. मीही गेलो नाही तिकडे. जायला हवं होतं का?

रात्रपाळी
नाही. तुम्ही तिथेच बसलेले दिसत होतात त्याला. तेवढं पुरे.

जुई_नेरूळ
मी सुरुवातीला 'सांगू नये' म्हटलं होतं. अजूनही तिसऱ्याने जाऊन सांगू नये याच मताची आहे, पण त्यालाच सांगायला लावणं, आणि सांगताना बाजूला बसणं, हे मला सुचलंच नव्हतं. मी मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवले होते. रात्री साडेअकराला.

कर्जतफास्ट
तलावपाळीला गेलात तर मिसळ खाल्लीत की नाही? मामलेदारची सर कशालाच नाही.

ऐरोली_नाका
रात्री मिसळ कोण खातं हो. आणि तिखट म्हणजे चव नव्हे.

पासबुक
ठाण्यात हे वाक्य मोठ्याने बोलू नका.

(संपादक: मिसळीवरचे पुढचे एकोणीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

चरईकर
अपडेट. रविवारी सकाळी म चा फोन, "ये." एवढंच.

त्यांच्या घरी गेलो. मुलगी क्लासला. वहिनींनी पोहे केले होते, कुणी हात लावला नाही. म ने सगळं सांगितलं. साडेचार नव्हे, सात लाख दहा हजार. तीन मोबाइल अ‍ॅपवरची कर्जं मलाही माहीत नव्हती. मग मी माझं सांगितलं.

वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीन नाही हे मला त्याच दिवशी कळलं, दादा. तुमच्या माळ्याचं दार दीड फुटाचं आहे. आणि दुकानात शिडीच नव्हती."

शिडी मी शेजारच्या टेलरला दिली होती, पंखा पुसायला.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" म ने विचारलं. म्हणाल्या, "बघत होते, दोघांतला आधी कोण बोलतो."

पुढचं थोडक्यात. कर्जांची यादी त्यांनी वहीत लिहायला घेतली, मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. ब्रोकरकडे एफ अँड ओ सेगमेंट बंद करण्याची विनंती तिथेच टाकायला लावली. आयपीएचची अपॉइंटमेंट घेतली आहे, मी सोबत जाणार. पतसंस्थेचा अर्ज म ने स्वतः फाडला, जरा नाटकीपणाने, पण असू दे. वहिनी माहेरी जाणार का, राहणार का, माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

खारी_बिस्कीट
शिडी!!! मी परत ट्रेनमध्ये आहे. या वेळी हसले नाही.

ऐरोली_नाका
सेगमेंट बंद केलं तरी परत चालू करता येतं, लक्ष ठेवा. भावाने दोनदा केलं. आणि अ‍ॅपवाले नातेवाइकांना फोन करायला लागले तर घाबरून नवीन कर्ज काढू देऊ नका, सगळे मेसेज जपून ठेवायला सांगा.

उंबरा
एक बोलते, राग मानू नका. तुम्ही त्याला रविवारपर्यंत वेळ दिलात. ते दिवस तिचेही होते. त्या दिवसांत तिला कुणी विचारलं नाही, तिला काय हवंय. मला वाटतं तुम्ही शनिवारीच, काच खाली ठेवून, "मला माहीत नाही वहिनी, त्याला विचारा" एवढं म्हणू शकला असता. त्यात चहाडी नव्हती आणि खोटंही नव्हतं.

चरईकर
मान्य. रोज रात्री तेच वाक्य सुचतं आता.

रात्रपाळी
उंबराताई, मीही पाठ करून ठेवतो ते. बाकी चरईकर, म कसा आहे?

चरईकर
माझ्याशी बोलत नाही. फोन उचलत नाही, पण रोज सकाळी मेसेजवर दोन निळ्या टिका येतात. आयपीएचला गुरुवारी आला. रिक्षात खिडकीकडे तोंड करून बसला होता. उतरताना पैसे त्याने दिले.

वहिनी काल फ्रेम न्यायला आल्या. सर्टिफिकेट कागदात गुंडाळून दिलं. "किती राहिले?" म्हणाल्या. म्हटलं, राहू द्या ना वहिनी. तर म्हणाल्या, "नको दादा. बिल करा."

दोनशे साठ झाले होते, शंभर आगाऊ. एकशे साठ घेतले, पावती दिली. त्यांनी ती उभ्याने वाचली आणि पर्समध्ये घडी करून ठेवली.

शहाणा_उंट
शिडी आली का परत टेलरकडून?

चरईकर
आली. एक पायरी तोडून.